मूल बोलत नाही : आधी कान, मग जीभ

"डॉक्टरसाहेब, याची जीभ खाली चिकटलेली आहे हो. तेवढी मोकळी करून द्या, म्हणजे पोपटासारखा बोलू लागेल." बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य किती आज्यांच्या तोंडून ऐकले असेल, याची मोजदाद नाही. आजीच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचे गोंडस मूल बसलेले असते, शेजारी आईच्या चेहऱ्यावर काळजी असते आणि वडील मोबाइलमध्ये डोके घालून, पण कान आमच्याकडे लावून बसलेले असतात. तिघांचीही अपेक्षा एकच असते, की दोष जिभेत सापडावा. कारण जिभेचा दोष डोळ्यांना दिसतो, त्यावर कात्री चालते आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

अशाच एका मुलाची हकीकत सांगून विषयाला आरंभ करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. हा मुलगा दीड वर्षाचा असताना "एकही शब्द बोलत नाही" अशी तक्रार घेऊन त्याची आई माझ्याकडे आली होती. मूल खेळकर होते, वजन-उंची उत्तम होती, हाक मारली की वळत होते, निदान तेव्हा मला तसे वाटले. "मुलगे जरा उशिराच बोलतात, थोडी वाट पाहू," असे मी सांगितले. पुढे दोन वर्षांचा झाल्यावर कोणीतरी त्याच्या जिभेखालचा बंध दाखवून दिला, तो दुसरीकडे कापला गेला आणि आता जीभ सुटली, बोल आज ना उद्या फुटतील, या आशेवर घरच्यांनी आणखी आठ-दहा महिने काढले. तो पुन्हा माझ्याकडे आला तेव्हा जवळजवळ तीन वर्षांचा होता. त्या वेळी केलेल्या श्रवणचाचणीत दोन्ही कानांना तीव्र बहिरेपण असल्याचे निष्पन्न झाले. जीभ पहिल्यापासून ठीकच होती. मूल बोलत नव्हते, कारण त्याने कोणाचे बोलणे कधी नीट ऐकलेच नव्हते.

त्या मुलाचे जे दीड वर्ष वाया गेले, त्याचा पहिला वाटेकरी मी स्वतः आहे. प्रस्तुत लेख लिहिण्यामागे ती बोच आहे.

जिव्हाबंध म्हणजे काय?

जिभेच्या खालच्या बाजूस, मधोमध, तोंडाच्या तळाशी जोडणारी एक पातळ घडी प्रत्येकाच्या तोंडात असते. आरशासमोर जीभ उचलली की ती दिसते. वैद्यकीय परिभाषेत तिला फ्रेन्युलम म्हणतात. ती म्हणजे एखादी सुटी दोरी किंवा 'शीर' असावी, अशी समजूत दीर्घकाळ होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या शरीररचनेच्या अभ्यासांनी दाखवून दिले, की तोंडाच्या तळाशी पसरलेल्या पातळ आवरणाची ती एक घडी आहे. जीभ वर उचलली की ती ताणली जाऊन उभी राहते. म्हणजेच ती असणे हा दोष नाही. ती इतकी आखूड, जाड किंवा पुढे जोडलेली असणे की त्यामुळे जिभेची हालचाल अडते, हा दोष होय. त्याला जिव्हाबंध अथवा ॲन्किलोग्लॉसिया म्हणतात.

वेगवेगळ्या पाहण्यांत नवजात अर्भकांपैकी शेकडा ३ ते १० जणांत तो आढळल्याची नोंद आहे. आकड्यांतील ही तफावत मुख्यतः व्याख्येतील फरकामुळे आहे. मुलींपेक्षा मुलांत तो अधिक दिसतो आणि काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. मूल जीभ बाहेर काढू लागले की तिचे टोक बदामाच्या आकाराचे, मध्ये खाच पडलेले दिसते. वर्षावरील मुलाच्या वरच्या ओठावर श्रीखंडाचा एक ठिपका लावावा; तो जिभेने चाटून घेता आला, तर जिभेला पुरेशी मोकळीक आहे असे समजण्यास हरकत नाही.

खरी अडचण : अंगावरचे दूध

जिव्हाबंधामुळे अडचण येतेच, तर ती बहुधा बोलण्याच्या वयाच्या पुष्कळ आधी, पहिल्या काही आठवड्यांत येते. बाळाला स्तनाग्र तोंडात नीट धरता येत नाही, ते वारंवार सुटते, दूध ओढताना चट्‌चट्‌ असा आवाज येतो, तासन्‌तास पाजूनही वजन वाढत नाही आणि आईच्या स्तनाग्रांना भेगा पडून वेदना होतात. नव्या आईला "तुला दूधच नाही" असे ऐकवून वरचे दूध सुरू करण्यापूर्वी, बाळाच्या जिभेखाली एकदा पाहावे.

मात्र येथेही घाई नको. बंध दिसतो, पण दूध व्यवस्थित पितात, अशी बाळे पुष्कळ आहेत. प्रथम पाजण्याची पद्धत, बाळाला धरण्याची ढब आणि स्तनाग्रावरील पकड तपासून सुधारावी. त्यानेही भागले नाही आणि जिभेची हालचाल खरोखर अडलेली असेल, तर बंध कापण्याची छोटी शस्त्रक्रिया उपयोगी पडते. नवजात बाळात ती काही सेकंदांत होते आणि त्यानंतर बाळाला लगेच अंगावर घेता येते. २०१७ सालच्या कॉक्रन समीक्षेत अशा पाच चाचण्यांचा, एकूण ३०२ बाळांचा, एकत्रित विचार करण्यात आला. त्यातून आईच्या वेदना काही काळ कमी होतात असे दिसले. परंतु दूध पिण्याच्या क्षमतेवरील परिणाम सर्व चाचण्यांत सारखा आढळला नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातही हाच संयम आहे. गरज असेल त्या बाळाला ही शस्त्रक्रिया लाभदायक ठरू शकते. पुढे बोलण्यात अडथळा येऊ नये म्हणून आधीच कापून ठेवणे मात्र समर्थनीय नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की हे फॅड जगभर वाढले आहे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींत १९९७ ते २०१२ या पंधरा वर्षांत जिव्हाबंधाचे निदान आठपटींहून अधिक झाले. एवढ्या अवधीत बाळांच्या जिभा बदलल्या नाहीत, आपली पाहण्याची दृष्टी बदलली.

वर्णमालेची साक्ष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जिव्हाबंधामुळे मूल उशिरा बोलते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. आपली वर्णमाला पुरेशी आहे. प्राचीन वैयाकरणांनी वर्णांची मांडणीच मुळी उच्चारस्थानानुसार केली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य हे वर्ग आपण शाळेत घोकले. ते पुन्हा एकदा डॉक्टरांच्या नजरेने पाहावेत.

प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठांनी उच्चारले जातात. तेथे जिभेचे काम नाही. क, ख, ग, घ या वर्णांसाठी जिभेचा मागचा भाग उचलला जातो. टोकाशी त्यांचा संबंध नाही. सर्व स्वर जिभेचे टोक वर न लावता म्हणता येतात. म्हणजे 'आई', 'बाबा', 'मामा', 'काका', 'काकू', 'भाऊ' ही घरातील निम्मी नाती, त्याचप्रमाणे 'मंमं', 'भूभू', 'हम्मा', 'काऊ', 'बाऊ' हे बाळाचे बहुतेक पहिले शब्द, जीभ पूर्ण बांधलेली असली तरी म्हणता येतात!

टोक वर उचलण्याची खरी गरज लागते ती ट, ड, ण, ळ, ल आणि र या वर्णांना. त, द, न हे दंत्य वर्ण जीभ फारशी न उचलताही जमून जातात. तेव्हा जिव्हाबंधाचा परिणाम झालाच, तर तो 'ळ', 'ण', 'र' असे काही मोजके वर्ण अस्पष्ट होण्यात दिसेल. मूल 'बाळ'चा उच्चार नीट करणार नाही, पण 'बाबा' म्हणेल. जे मूल 'बाबा'ही म्हणत नाही, त्याच्या मौनाचे कारण जिभेच्या टोकात असू शकत नाही.

बोबड्या बोलांचेही असेच आहे. तीन वर्षांचे मूल 'काका'ला 'ताता' म्हणते, तेव्हा पालकांना जीभ जड असल्याची शंका येते. वास्तविक 'त' हा वर्ण जिभेच्या टोकानेच उच्चारला जातो. ज्या टोकाला आपण बांधलेले म्हणतो, तेच तर मूल नको तेथे वापरीत असते! असे बोबडेपण वयानुरूप असते आणि बहुतेक मुलांत चौथ्या वर्षाच्या सुमारास ओसरते. 'र', 'ळ', 'श' आणि जोडाक्षरे स्थिरावण्यास पाच-सहा वर्षेही लागतात. त्यानंतरही ठरावीक वर्ण अडत असतील, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडून उच्चारांची तपासणी करून घ्यावी. त्यांच्या मते हालचालीचा अडथळा हेच कारण असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. त्यानंतरही उच्चारांचा सराव आवश्यक असतो. केवळ कात्रीने सवय बदलत नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०२० सालच्या सहमतीपत्रातही जिव्हाबंधाचा बोलण्यावर सहसा परिणाम होत नाही, असेच म्हटले आहे.

मग मूल बोलत का नाही?

बोलणे ही एक साखळी आहे. आवाज कानी पडतो, मेंदू त्याला अर्थ देतो, बोलण्याची ओढ निर्माण होते आणि सर्वांत शेवटी जीभ, ओठ, टाळू हालतात. जीभ ही शेवटची कडी; पण आपण तपासणी तिच्यापासून सुरू करतो. क्रम उलट हवा.

पहिली कडी कान. दर हजार जन्मांमागे साधारण १ ते २ बाळांना जन्मतः लक्षणीय बहिरेपण असते. कमी वजन, अतिदक्षता कक्षातील वास्तव्य, तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणी आईला झालेला रुबेला किंवा सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग, नात्यातील विवाह, घराण्यातील बहिरेपण अशी पार्श्वभूमी असल्यास धोका वाढतो. परंतु अशी कोणतीही पार्श्वभूमी नसलेली बाळेही त्यांत पुष्कळ असतात.

घरगुती परीक्षा येथे हमखास फसवते. मागून थाळी वाजवली की बाळ वळते, म्हणून घरचे निश्चिंत होतात. पण थाळीचा आवाज फार मोठा असतो. शिवाय बाळ सावलीने, हादऱ्याने, आईच्या नजरेच्या रोखानेही वळते. ज्याला मोठे आवाज ऐकू येतात पण 'स', 'श', 'त' यांसारखे हलके ध्वनी येत नाहीत, असे मूल हाकेला ओ देईल, तरी त्याला भाषा तुटक आणि धूसरच ऐकू येईल. आणखी एक चकवा असा, की जन्मतः बहिरे बाळही पहिल्या काही महिन्यांत 'आऽ', 'गूऽ' असे आवाज काढते. सहा-सात महिन्यांनंतर मात्र स्वतःचा आणि इतरांचा आवाज ऐकू न आल्याने त्याची बडबड हळूहळू ओसरते. "आधी बडबड करायचा, आता गप्प झाला" हे वाक्य ऐकताच डॉक्टरांनी सावध व्हावे.

मधल्या कानात चिकट द्रव साठल्यानेही ऐकणे मंद होते. वारंवार सर्दी होणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या आणि टी.व्ही.चा आवाज वाढवणाऱ्या मुलात हे पाहावे. यावर बहुधा उपाय असतो.

कान ठीक असतील, तर पुढील कड्यांकडे वळावे. मूल नजरेला नजर देते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? आकाशातले विमान पाहून 'तूही बघ' अशा अर्थाने तुमच्याकडे वळून पाहते का? नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देते का? ही देवाणघेवाण नसेल, तर स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासणी हवी. चालणे, खेळणे, समजणे या सर्वच बाबतीत मूल मागे असेल, तर एकूण विकास मंद आहे का, ते पाहावे. हे प्रश्न विरळा नाहीत. भारतातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर गोवा आणि हैदराबाद यांचाही समावेश होता. सुमारे आठ मुलांमागे एकात मेंदूच्या विकासाशी निगडित कोणता ना कोणता दोष आढळला आणि त्यांत श्रवणदोषाचे प्रमाण मोठे होते.

आणि शेवटी, काहीही दोष नसलेली, केवळ उशिरा बोलणारी मुलेही असतातच. दोन वर्षांच्या शंभर मुलांत अशी १० ते १५ आढळतात आणि त्यांतील बरीच पुढे इतरांना गाठतात. अडचण एवढीच, की गाठणार कोण आणि मागे राहणार कोण, हे कपाळावर लिहिलेले नसते.

किती वाट पाहावी?

पालकांनी पुढील टप्पे ध्यानात ठेवावेत. तीन-चार महिन्यांत बाळ हुंकार देते, बोलणाऱ्याकडे पाहून हसते. सहा ते नऊ महिन्यांत 'बाबाबा', 'मामामा' अशी मालिका सुरू होते. वर्षाच्या सुमारास ते नावाला ओ देते, 'टाटा' करते, बोट दाखवते आणि बारा ते पंधरा महिन्यांत पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दीड वर्षापर्यंत मोजके पण निश्चित शब्द, दोन वर्षांच्या आसपास सुमारे पन्नास शब्द आणि 'बाबा गेले', 'दूध नको' अशा दोन शब्दांच्या जोड्या येतात. तीन वर्षांचे मूल छोटी वाक्ये बोलते आणि चौथ्या वर्षी परक्या माणसालाही त्याचे बहुतेक बोलणे कळते.

वर्षभरात बडबड नाही अथवा बोट दाखवणे नाही, सोळा-अठरा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्दांची जोडी नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे मागे पडले, तर वाट पाहू नये. 'मुलगे उशिरा बोलतात' यात तथ्य आहे, पण ते फार तर काही आठवड्यांचे. वर्ष-दीड वर्षाचे नव्हे. 'याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले' हे वाक्य आनंदाने ऐकावे आणि श्रवणचाचणीची वेळ ठरवावी.

चाचणी साधी असते. ओ.ए.ई. या प्रकारात झोपलेल्या बाळाच्या कानात लहानसे यंत्र काही मिनिटे ठेवतात. बेरा चाचणीत डोक्याला लावलेल्या तारांवरून आवाज मेंदूकडे जाणाऱ्या मार्गाने पोहोचतो की नाही, हे कळते. वेदना कशातच नाहीत.

घाई का, याचे उत्तर काळजावर कोरून ठेवण्यासारखे आहे. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची शक्ती पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असते. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असे १-३-६ चे सूत्र जगभर मान्य आहे. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा, उशिरा निदान झालेल्यांपेक्षा पुष्कळ चांगली असते, हे १९९८ सालीच दिसून आले होते.

घरात मराठी, दारात हिंदी

आपल्या इंदूरसारख्या शहरात या विषयाला आणखी एक पदर आहे. घरात आजी-आजोबा मराठी, शेजारी-पाजारी हिंदी आणि शाळेत इंग्रजी. मूल उशिरा बोलले की पहिला आरोप मराठीवर येतो. "घरातही हिंदीतच बोला, मुलाचा गोंधळ होतो," असा सल्ला पालकांना शाळेतून मिळतो आणि कधीकधी आपल्या व्यवसायबंधूंकडूनही मिळतो. या सल्ल्याला शास्त्रीय आधार नाही. दोन भाषा ऐकत वाढणारी मुले बोलण्याचे टप्पे एकभाषिक मुलांप्रमाणेच गाठतात. दोन भाषांची सरमिसळ करणे हा गोंधळ नसून शिकण्याची स्वाभाविक पायरी आहे.

मात्र शब्द मोजताना दोन्ही भाषांतील मोजावेत. तीस शब्द मराठी आणि पंचवीस हिंदी बोलणारे मूल मागे नाही. फक्त हिंदी शब्द मोजणाऱ्याला ते मागे वाटेल. तसेच आपली मुले 'शाळा'ला 'शाला' आणि 'डोळा'ला 'डोला' म्हणतात, ते जिभेच्या दोषामुळेच असे समजू नये. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. 'चाक' आणि 'चार' यांतील दोन निराळे 'च'देखील तेथे नाहीत. जो ध्वनी मुलाच्या कानी क्वचितच पडतो, तो त्याच्या जिभेवर कसा यावा? त्याला कात्री नको, आजीच्या गोष्टी हव्यात.

आई ज्या भाषेत हसते, रागावते, लाड करते, तीच भाषा ती मुलाला सर्वांत समृद्धपणे देऊ शकते. श्रवणदोष किंवा स्वमग्नता असलेल्या मुलासाठीही घरची भाषा सोडण्याची आवश्यकता नाही. उपचारतज्ज्ञ हिंदीतून शिकवीत असतील, तर तोच धडा घरी मराठीतून गिरवावा.

घरी काय करावे?

मुलाच्या उंचीला येऊन, त्याला आपला चेहरा दिसेल असे बोलावे. पोळ्या लाटताना, मटार सोलताना, अंघोळ घालताना जे चालले आहे ते छोट्या वाक्यांत सांगत राहावे. प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावे. आपण मोठी माणसे उत्तर स्वतःच देऊन टाकतो. मूल 'गाडी' म्हणाले, की 'हो, लाल गाडी गेली' असे एक पाऊल पुढे टाकावे. 'बोल, तरच देईन' अशी अडवणूक करू नये आणि बोबडेपणाची नक्कलही करू नये. बोटांवरची बडबडगीते, चिऊ-काऊच्या गोष्टी, दिवेलागणीची शुभंकरोती ही आपली जुनी साधने या कामी अतिशय प्रभावी आहेत, कारण त्यांत लय, पुनरावृत्ती आणि समोर एक प्रेमळ चेहरा असतो.

नेमका तो चेहरा मोबाइलला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार वर्षाखालील आणि वर्षाच्या मुलाला पडदा नको आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नको. इंग्रजी गाणी पाठ म्हणणारे, पण 'पाणी दे' म्हणू न शकणारे मूल आता प्रत्येक दवाखान्यात दिसते.

वेखंड उगाळून जिभेला लावणे, बाळाला मध चाटवणे, पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घालणे हे उपाय मायेपोटी केले जातात, त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. त्यातील जंतूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि सर्वांत मोठा अपाय म्हणजे अशा उपायांच्या भरवशावर निघून गेलेले महिने.

व्यवसायबंधूंना विनंती

आपण डॉक्टर मंडळींनीही काही पथ्ये पाळावीत. श्रवणचाचणी झाल्याशिवाय 'मोठा झाला की बोलेल' हे वाक्य उच्चारू नये. बोलत नाही या एकमेव कारणासाठी जिव्हाबंध कापू नये. कापण्यापूर्वी रक्तस्रावाचा कौटुंबिक इतिहास विचारावा, नवजात बाळाला व्हिटॅमिन के मिळाल्याची खात्री करावी आणि खालचा जबडा लहान असलेल्या बाळात विशेष सावधगिरी बाळगावी, कारण तेथे जीभ मागे पडून श्वास अडण्याचा धोका असतो. अतिदक्षता कक्षातून घरी जाणाऱ्या आणि तीव्र कावीळ होऊन गेलेल्या बाळांत केवळ ओ.ए.ई.वर विसंबू नये. नसेचा दोष त्यातून निसटतो, म्हणून बेरा करावी.

पालकांना पुढचा रस्ताही दाखवावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यात जन्मजात बहिरेपण आणि भाषेचा मंद विकास या दोहोंचा समावेश असून पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईतील अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात श्रवणदोषाबरोबरच वाणी व भाषेच्या दोषालाही स्वतंत्र स्थान मिळाले आहे. यातील काहीही पालकांना आपणहून ठाऊक नसते. ते आपण सांगितले तरच कळते.

आरंभी सांगितलेल्या मुलाला आधी श्रवणयंत्रे बसवली, पुढे कॉक्लियर इम्प्लांट झाले. त्याच्या आईने रोज दोन-दोन तास त्याच्यासमोर बसून त्याला शब्द दिले. तो आता शाळेत जातो, मराठी आणि हिंदी दोन्ही बोलतो. उच्चार थोडे जड आहेत, वाक्ये समवयस्कांपेक्षा आखूड आहेत. मधे एकदा तपासणीला आला असता, त्याच्या आईने कोणताही रोष न ठेवता सहज विचारले, "डॉक्टर, दीड वर्षाचा असतानाच ही चाचणी केली असती, तर हा आणखी चांगला बोलला असता ना?"

मी "हो" म्हणालो. दुसरे उत्तर नव्हते.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणाच्या घरात, नात्यात वा शेजारी एखादे मूल अजून बोलत नसेल, तर त्याची जीभ पाहण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत. एवढे जरी घडले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.